मुका सिनेमा आणि बोलका मास्तर

आमच्या लातुरात हा किस्सा अजून चार-पाच जण सांगतात, आणि प्रत्येकाच्या तोंडी मी थोडा जास्त गाढव होतो. म्हणून म्हटलं, तुम्ही माझ्याच तोंडून ऐका. निदान गाढवपणाचं माप तरी बरोबर राहील!

चहा घ्या. घेताघेता ऐका.

मी मूळचा इस्लापूरचा. शिकलो नांदेडला आणि नोकरीला आलो लातूरला. भूकंपाला चार-पाच वर्षं झाली होती आणि लातुरात तेव्हा क्लासेसचं असं पीक आलं होतं की विचारू नका. ज्याच्या घराला दोन खोल्या जास्त, त्याच्या एका खोलीत पोरं राहायची आणि दुसरीत पोरं शिकायची. मी अकरावी-बारावीला इंग्लिश शिकवायचो. पोरं फिजिक्सला जीव द्यायची आणि माझ्या तासाला डुलक्या. पण मी बोलायला लागलो की थांबायचो नाही. क्लासच्या मास्तरानं एक गोष्ट कधीच करायची नसते. ‘मला माहीत नाही’ असं म्हणायचं नसतं. पोरानं काहीही विचारो, उत्तर तयार पाहिजे. बरोबर आहे की चूक, ते तो घरी जाऊन बघेल!

आता मुक्या सिनेमाचं वेड मला कुठून लागलं? रशीदचाचांकडून. नांदेडला चाचांचं रेडिओ आणि शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. त्यांच्या वडिलांचा निजामाच्या काळात तंबूतला सिनेमा होता, जत्रेजत्रेला फिरायचा. तंबू गेला, पण चाचांनी एक छोटं मशीन जिवापाड जपलं होतं. कुठल्याकुठल्या फिल्म सोसायटीतून ते जुने मुके सिनेमे मागवायचे आणि रविवारी दुकानाच्या मागच्या भिंतीवर आम्हा पोरांना दाखवायचे. ना संवाद, ना गाणं. पण पडद्यावरची बाई नुसती खिडकीकडे बघून वळली, की आम्ही पोरं बाहीनं डोळे पुसायचो. शंभर वर्षांपूर्वी कुठल्याशा देशात कुणीतरी तोंडातून शब्द न काढता आपल्याला रडवून जातं, म्हणजे केवढी मोठी माणसं असतील ती! मला आजही त्याचं नवल वाटतं.

तर असा एक सिनेमा लातुरात आमच्या क्लासमध्ये दाखवायचं माझ्या मनात आलं. क्लासचे मालक म्हणजे आमचे मोठे सर. त्यांना विचारायला गेलो.

“यानं पोरांचं इंग्लिश सुधारंल का?” मोठ्या सरांनी विचारलं.

“सुधारेल की!”

“मुका हाय म्हणता ना सिनेमा?”

“सर, मध्ये मध्ये पाट्या येतात. त्या वाचायच्या असतात.”

“मग बरंय. आन् पालकांना बी बोलवा. लोकांना कळू द्या, आपल्या क्लासात काय काय चालून राहिलंय ते.”

झालं! चाचांनी एस.टी.नं येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर एक कागद आधी पाठवून दिला. सिनेमातल्या पाट्या इंग्लिशमध्ये टाइप केलेल्या, एक ते सत्तर. सोबत चिठ्ठी, ‘सर, एक बार पढ़ लेना.’ मी वाचला का? नाही. मी तो झेरॉक्सला टाकला! क्लासच्या माणसाला कागद दिसला की तो आधी शंभर प्रती काढतो, मग वाचतो. प्रती शनिवारी घ्यायच्या होत्या. शनिवारी मी विसरलो. आणि रविवारी झेरॉक्सवाला दुकानाला कुलूप लावून सासुरवाडीला गेला.

तुम्ही म्हणाल, मग कार्यक्रम पुढे ढकलायचा. ढकलला असता हो! पण त्याच रविवारी माझ्या आयुष्याचा दुसरा एक कार्यक्रम त्यातच गुंतला होता.

लातुरात माझी मावशी राहायची. तिच्या शेजारी निलंग्याची एक मुलगी पाहुणी म्हणून आली होती. शैला नाव. मी तिला एकदाच पाहिलं होतं. मावशीच्या अंगणात वाळत घातलेली तुरीची डाळ शेळीनं खाल्ली, तेव्हा शेळीला हाकलायचं सोडून ही पोट धरून हसत उभी होती. मला ती आवडली. सरळ सांगतो, लई आवडली. पुढे आठ दिवस मी वर्गात शेळी दिसली तरी हसत होतो, आणि वर्गात शेळी नव्हती.

मावशीनं शब्द टाकला. तिकडून निरोप आला तो असा की मुलीचे वडील, व्यंकटराव, आधी परभारे मुलगा बघून जातील. आमच्याकडे ही रीतच आहे. रीतसर बघायचा कार्यक्रम नंतर, आधी घरचं कुणीतरी गुपचूप येतं. पोरगं रस्त्यानं कसं चालतं, चहाच्या गाड्यावर कुणाशी कसं बोलतं, सगळं बघून जातं. पोराला पत्ता नसतो.

“सिनेमाच्या गर्दीत बसून तुला बघणार हायत,” मावशी म्हणाली. “तू आपलं काही ठाऊक न्हाई असंच दाखव. ऊस हाय, जीप हाय, पण माणूस म्हणं लई साधा हाय.”

“दिसायला कसे आहेत?”

“मी कुठं पाहिलंय त्यांना? ओळख की तू! एवढी पोरं ओळखतोस ना वर्गातली!”

म्हणजे बघा, त्या दुपारी मला मुलगा म्हणून उभं राहायचं होतं, आणि हातात कागद नव्हता.

रविवारी तीन वाजता क्लासच्या पत्र्याच्या शेडमध्ये पावणेदोनशे माणूस जमलं. पत्र्याचीच शेड मुद्दाम घेतली, कारण भूकंपानंतर स्लॅबखाली अंधारात दोन तास बसायला लातुरात कुणी तयार होत नव्हतं. खिडक्यांना युरियाची पोती लावली, नांदेडहून मशीन घेऊन आलेल्या चाचांनी समोर चादर ताणली. पोरं होती, पोरांना डबा करून घालायला गावाकडून येऊन खोल्या घेऊन राहिलेल्या त्यांच्या आया होत्या, आणि मागच्या बाकांवर आडत बाजारातले सात-आठ हमाल होते. त्यांचा म्होरक्या ग्यानोबामामा. त्याची पोरगी आमच्या क्लासला होती.

एवढ्यात दाराशी जीप थांबली. दोघं उतरले. एक जण कडक इस्त्रीचा सफारी, चकचकीत बूट, हातात जीपची चावी फिरवतोय. दुसरा म्हातारा, धोतर, मळकी टोपी, तुटकी वहाण. आता यात ओळखायचं काय? मी धावत गेलो, सफारीवाल्यांना पहिल्या रांगेतल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं आणि थंड्याची बाटली हातात दिली. म्हाताऱ्याला म्हटलं, “बाबा, तुम्ही मागं बसा जागा बघून.”

चाचांनी दिवे घालवले, मशीन सुरू केलं. मशीन ठेवलेलं टेबल थरथरलं, टेबलाला टेकलेला बाक थरथरला, बाकामागचा पत्रा खडखडला. आणि अर्धी शेड एका क्षणात दाराकडे पळाली!

“बैठो, बैठो!” चाचा ओरडले. “मशीन हिल रही है, ज़मीन नहीं!”

लोक हसत परत आले, पण दार मात्र थोडं उघडंच ठेवायला लावलं. आणि पहिली पाटी आली.

अक्षरं सगळी ओळखीची, शब्द एकही ओळखीचा नाही! सिनेमा जर्मन होता. म्हणून तर चाचांनी कागद धाडला होता! पावणेदोनशे लोक माझ्याकडे बघतायत, पहिल्या रांगेत निलंगा बसलंय. ‘मला माहीत नाही’ म्हणू?

मी खाकरलो आणि सुरू झालो. “ही गोष्ट आहे एका मोठ्या कापडगिरणीची. आणि तिच्या मालकाची.”

इथवर ठीक होतं, मागे गिरणीचं धुराडं दिसत होतं. मग एक मोठा बंगला आला. दार उघडलं, आणि दारात काय माणूस उभा! सहा फूट उंच, काळा लांब कोट, पांढरे हातमोजे, गळ्याशी बो, मान ताठ. आता मला सांगा, आमच्याकडे कोट कोण घालतं? वकील, तिकीट तपासनीस आणि नवरदेव. त्यात हा हातमोजेवाला!

“हे सेठजी!” मी ठणकावून सांगितलं. “या बंगल्याचे आणि गिरणीचे मालक!”

मग आत एक म्हातारा दिसला. कोपरावर फाटलेला स्वेटर, विस्कटलेले केस, कसलं तरी चाक खोलून बसलेला, हात तेलानं काळे.

“आणि हा त्यांचा गडी!”

तेवढ्यात रेशमी झग्यातली एक मुलगी धावत आली आणि तिनं म्हाताऱ्याच्या कपाळाचा मुका घेतला. ही कुठून आली?

“ही गड्याची मुलगी.”

“मग रेशमी झगा कसा काय हो, सर?” एका पोराच्या आईनं विचारलं.

“सेठजींनी दिला. त्यातच त्यांचा डाव आहे!”

“अगं बया!” शेडभर कुजबुज झाली. मला चेव आला.

पुढे ती मुलगी झगा टाकून, डोक्याला फडकं बांधून गिरणीत मागावर काम करू लागली. काय काम केलं हो त्या नटीनं! सूत तुटलं की तिची बोटं आधी घाबरायची आणि मग तोंड. शेजारच्या मागावर एक तरुण विणकर होता, तो तिला न बोलता गाठ मारायला शिकवायचा. पण माझं लक्ष कुठं होतं तिकडे? मी सेठजींच्या मागे लागलो होतो. कारण तो कोटवाला रोज दुपारी गिरणीच्या मागच्या जिन्यावर टोपलीत जेवण घेऊन यायचा, आणि ती भुकेली पोरगी बसून खायची.

“बघा, कसा गोड बोलून जाळ्यात ओढतोय!”

एके दिवशी ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

“मुडदा बशिवला त्याचा!” मागून एक आई कडाडली. “सोड तिला!”

तितक्यात पाटी आली. मी वाचली, म्हणजे तसा आव आणला. “‘पोरी, माझं ऐक. नाहीतर तुझ्या म्हाताऱ्या बापाला कामावरून काढीन, बंगल्याबाहेर हाकलीन, भीक मागायला लावीन.’”

“सर,” एक पोरगं म्हणालं, “पाटीवर एकच शब्द आहे.”

“त्यांच्या भाषेत एकेक शब्द असा मोठ्या अर्थाचा असतो! खाली बस!”

तो बसला. वहीत लिहूनही घेतलं त्यानं.

रीळ बदलायला चाचांनी दिवे लावले. मी हळूच पहिल्या रांगेकडे पाहिलं आणि चपापलो. खुर्चीवर मळकी टोपीवाला म्हातारा ऐसपैस बसला होता, माझीच थंड्याची बाटली पीत! आणि सफारीवाले मागे भिंतीला टेकून उभे. असेल काहीतरी. मला तेव्हा विचार करायला फुरसत नव्हती. चाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “सर, वो कोटवाला जो है ना...”

“हौ चाचा, लई हरामखोर आहे!” मी म्हणालो. चाचांनी माझ्याकडे बघितलं, कपाळाला हात लावला आणि गुपचूप दुसरं रीळ चढवलं.

आणि इथं माझी फजिती सुरू झाली. बंगल्यात जेवणाचं लांबलचक टेबल. टेबलाच्या टोकाला कोण? तर तो फाटक्या स्वेटरचा गडी! आणि त्याच्या मागे उभं राहून, वाकून, त्याच्या ताटात सार वाढतोय कोण? सेठजी!

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. पण मास्तर आहे मी!

“सेठजींना पश्चात्ताप झाला!” मी हात वर करून ओरडलो. “मालकानं नोकराची सेवा सुरू केली!”

टाळ्या! अहो, टाळ्या पडल्या! एक बाई डोळे पुसायला लागली. मला स्वतःलाच भरून आलं. वाटलं, निलंग्याचं काम झालं म्हणायचं.

पण हा सिनेमा माझं ऐकतोय थोडाच? पुढच्याच मिनिटाला त्या गड्यानं एका कागदावर सही केली, सेठजींनी तो कागद तबकात घालून अदबीनं बाहेर नेला, आणि गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं. बाहेर शेकडो कामगार, बायका, कडेवर लेकरं. त्या गर्दीत ती मुलगी उभी.

“ही गिरणी कोणी बंद केली, सर?”

“त्या... त्या गड्यानं. सेठजींची खोटी सही करून!”

“म्हंजी गडी बी तसलाच निघाला?”

“आणि सेठनं मग तो कागद नेऊन का दिला?”

“आवं, पण आत्ताच तर त्याला पश्चात्ताप झाला होता!”

गलका झाला. मी घामाघूम. तेवढ्यात मागच्या बाकावरून ग्यानोबामामा उठला. दंडावर पोत्यांचे घट्टे पडलेला माणूस, बोलायला लाजणारा.

“सर, रागं भरू नका. त्यो कोटवाला मालक न्हाई.”

“कशावरून?”

“पहिल्यापून पघून राहिलोय मी त्याला. समदे बसले, उठले, जेवले. त्यो एकदा बी बसला न्हाई. जिन्यावर पोरगी बसून खाती, ह्यो उभा. टेबलापाशी उभा. दारात उभा. मालक असा उभा राहतो व्हय? त्यो त्यांचा नोकर हाय, आन् लई जुना हाय. पोरगी लहानपणापून त्याच्या अंगाखांद्यावर वाढलीया, म्हणून भाकरी घिऊन जातो तो. आन् फाटक्या स्वेटरचा म्हातारा मालक हाय. बापाला न सांगता पोरगी त्याच्याच गिरणीत कामाला गेली.”

मशीनमागून चाचा म्हणाले, “सही बोला.”

“चाचा, तुम्हाला माहीत होतं?”

“पहली रील से.”

“मग सांगितलं का नाही?”

“बोल रहा था ना! पर आप सर हैं.”

मी इतकी वर्षं हे सिनेमे बघितले, त्या नटनट्यांवर जीव टाकला, आणि कपड्यापलीकडे मला काही दिसलं नाही. पाटीवरचं एक अक्षर न वाचता या माणसानं सगळी गोष्ट वाचली. मला लाज वाटली, आणि ग्यानोबामामाबद्दल मनात इतका आदर दाटला की काय सांगू! मी म्हणालो, “मामा, तुमचं बरोबर आहे. माझं चुकलं.” आणि बाकाच्या कोपऱ्यावर बसून गप्प झालो.

मी गप्प झालो आणि तेव्हाच खरा सिनेमा दिसायला लागला. म्हातारा मालक एकटाच बंद गिरणीत येतो. तोही कधीकाळी विणकरच होता, हे त्याच्या हातांवरूनच कळतं. तो एक माग चालू करून बघतो, आणि त्या मागावर मुलीचं डोक्याचं फडकं अडकलेलं त्याला सापडतं. मग त्याच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते मला आजही सांगता येणार नाही. गिरणी उघडली. आणि शेवटी पुन्हा तेच लांब टेबल, त्यावर मुलगी, बाप आणि तो तरुण विणकर. मुलगी उठते, एक खुर्ची ओढते आणि कोटवाल्याला बस म्हणते. तो मान हलवतो. ती त्याचे हातमोजे स्वतः काढते, त्याला खांद्याला धरून खाली बसवते. आणि त्या माणसाला बसता येत नाही हो! खुर्चीच्या कडेवर, कुणी उठवेल या भीतीनं टेकतो तसा टेकतो. एवढा मोठा नट, सगळा सिनेमाभर त्यानं उभं राहायचं काम केलं, आणि नुसता बसून शेडभर माणसं रडवली. ग्यानोबामामा टोपीनं डोळे पुसत होता. मी तर उघडउघड रडत होतो.

दिवे लागले. आता माणसानं इथं घरी जावं की नाही? पण मी पडलो क्लासवाला. नवीन काही कळलं की त्याचं लगेच सूत्र करायचं आणि पुढच्या गणितात वापरायचं! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जो बसला नाही, तो नोकर! कपड्यावर जायचं नाही!

मी शेडभर नजर फिरवली. तुटक्या वहाणेचा म्हातारा खुर्चीत आरामात बसलेला. आणि कडक सफारीवाला सिनेमाभर भिंतीला टेकून उभा. हातात जीपची चावी! अरे देवा! म्हणजे मी ड्रायव्हरला खुर्ची आणि थंडा दिला, आणि व्यंकटरावांना मागं बसायला सांगितलं! मावशीनं सांगितलंच होतं की माणूस लई साधा आहे!

मी धावत गेलो आणि त्या म्हाताऱ्याच्या पाया पडलो. नुसता वाकलो नाही, चांगलं डोकं टेकवलं.

“आवं, आवं! पाया कशाला पडता?”

“तुमचा मोठेपणा ओळखला नाही मी, बाबा. निलंग्याहून आलात ना?”

“हाव.”

“शेती कशी आहे यंदा?”

“झकास हाय. ऊस हाय, तूर हाय. समदं मीच बघतो.”

ऐकलंत? आणखी काय पुरावा पाहिजे? तेवढ्यात चाचा सामान आवरत म्हणाले, “सर, नांदेड की गाडी छूट जाएगी.” त्यांचं मशीन आणि रिळं एका लोखंडी ट्रंकेत असायची. ती ट्रंक दोन माणसांनीही जड जायची. मी भिंतीपाशी उभ्या सफारीवाल्याला हाक मारली. आवाजात जरा हुकूमही आणला, होणाऱ्या सासऱ्यासमोर जावयाचा वचक दिसायला नको का?

“ओ ड्रायव्हर! असे भिंतीला टेकून काय उभे राहिलात? ही ट्रंक उचला, जीपमध्ये टाका आणि चाचांना स्टँडवर सोडून या. चला, चला, हात चालवा!”

सफारीवाल्यानं माझ्याकडे एकवार पाहिलं. मग गुमान ट्रंकेचं एक कडं धरलं, दुसरं चाचांनी धरलं. उचलताना त्याच्या तोंडातून “आई गं!” असा बारीकसा आवाज आला. मी मनात म्हटलं, सुखवस्तू नोकर दिसतोय. जीप गेली.

मी म्हाताऱ्याच्या शेजारी बाक ओढून बसलो आणि आपुलकीनं म्हणालो, “बाबा, एक सांगू का? तुमचा ड्रायव्हर जरा आळशी आहे. सिनेमाभर टेकून उभा होता.”

“कुटला ड्रायव्हर?”

“आत्ता गेला तो. सफारीवाला.”

“आवं, ते आमचे मालक हायत की! व्यंकटराव! मी त्यांचा सालगडी, तुळशीराम. कमरंत भरलंय मालकांच्या. चार दिस झाले, लई येळ बसता येत न्हाई त्यांना, त्यात निलंग्याहून जीप चालवून पार कळ आली, म्हणून त्यांनीच मला खुर्ची दिली. डाक्टरनं सांगितलंय, काई बी उचलायचं न्हाई म्हणून.”

आता मला सांगा, यावर माणसानं काय करावं? मी पहिल्यांदा कपडे बघून ओळखलं होतं ते बरोबर होतं! सगळ्या जन्मात एकदाच मी सूत्र नीट वापरलं, आणि ज्या माणसाची मुलगी मागायची त्याची कंबर मोडली!

त्यानंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. वर्गात गप्प, मेसमध्ये गप्प. पोरांना वाटलं, सरांना कावीळ झाली. रात्रंदिवस मला तो “आई गं!” ऐकू यायचा, आणि डोळ्यांपुढे ती शेळीपाशी हसणारी मुलगी यायची. ती आता नक्कीच माझ्यावर हसत असणार, आणि त्या हसण्याला मी पात्रच होतो.

नवव्या दिवशी मावशी दारात.

“निलंग्याहून निरोप आला.”

“कंबर कशी आहे?” मी आधी तेच विचारलं.

“आठ दिस अंथरुणावर होते. आता उठून बसून राहिलेत. म्हणाले, पोरगं पसंत हाय.”

“काय म्हणालीस?”

“हाव रे! म्हणाले, जीपमधी चाचांनी लई सांगितलं पोराबद्दल. पण ते सोडा. पावणेदोनशे लोकांपुढं ‘माझं चुकलं’ म्हणाला, तवाच मनात भरलं. आन् आमच्या तुळशीरामच्या पाया पडला. तीस वर्सं आमच्यात राबतोय तो, दोन जावई आले, एकानं बी त्याला वाकून नमस्कार केला न्हाई. म्हणाले, पोरीला सांगून टाकलंय, होकार दे म्हणून.”

“आणि शैला काय म्हणाली?”

“ती तर हसूनच बेजार हाय. हसत हसत हाव म्हणाली. पण व्यंकटरावांनी तिला एक गोष्ट बजावून सांगितलीया.”

“कुठली?”

“म्हणाले, पोरगं गुणाचं हाय, तुला सुखात ठेवंल. फकस्त ते जे काही सांगंल, ते कधी खरं धरू नको.”

आमच्या लग्नाला आता पंचवीस वर्षं होत आली. बापाचा तेवढा शब्द शैलानं आजवर एकदाही मोडलेला नाही.